बाबांसाठी बुकशेल्फ स्पीकर : अडीच लाखांत काय घ्यावं?

कोमलनिषाद
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

बाबा (वय ७४) गावचं घर बंद करून आमच्याकडे पुण्याला राहायला आलेत. बरोबर दोन ट्रंका आणल्या, एकीत कपडे आणि दुसरीत एलपी. जवळजवळ सगळं ख्यालगायन, थोडं नाट्यसंगीत. आयुष्यभर साथीला पेटी वाजवली, त्यामुळे कान तयार. हल्ली उजव्या कानाला जरा कमी येतं, पण शेजारच्या क्लासमधल्या मुलीचा कोमल गांधार चढला की हातातला चहाचा कप खाली ठेवतात.

टर्नटेबल आहे. भावाने दिलेला ६० वॉटचा अँप्लिफायर आहे. स्पीकर नाहीत. खोली ११ बाय १६ फूट, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, एका लांब बाजूला गॅलरीचं मोठं काचेचं दार. स्टँड धरून अडीच लाखांपर्यंत जाऊ शकते (बोनस मिळालाय, नवऱ्याला अजून आकडा सांगितलेला नाही). वाचून वाचून तीन नावं उरलीत: केईएफ एलएस५० मेटा, हार्बेथ पी३ईएसआर आणि केईएफ आर३ मेटा.

बाबांची अट एकच, "मागचा तंबोरा ऐकू आला पाहिजे." दुकानात दोनदा गेलो. दोन्ही वेळा त्या मुलाने गिटार वाजवून दाखवली. बाबा म्हणाले, चांगली आहे, पण आपल्याला गिटार कुठे ऐकायचीय?

पत्र्याचीचाळ
अडीच लाख आणि स्पीकर. पॉपकॉर्न घेऊन पहिल्या रांगेत बसलोय.

सोल्डरगन
कोमलताई, स्पीकरच्या आधी दोन प्रश्न. बाबा कुठे बसणार? स्पीकर कशावर ठेवणार?

नावात बुकशेल्फ आहे म्हणून पुस्तकाच्या फडताळात कोंबू नका. फडताळाची फळी आणि बाजू आवाजाबरोबर थरथरतात आणि गाणं डब्यातून आल्यासारखं होतं. स्टँडवर ठेवा, ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा छोटा भाग) बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला येईल असं. खुर्चीत बसणार असाल तर साधारण २४ इंची स्टँड लागतो.

इंपोर्टेड स्टँडला पैसे घालवू नका. मी फॅब्रिकेशनवाल्याकडून तीन इंची चौकोनी एमएस (साधा लोखंडी) पाईप कापून घेतला, वर पत्र्याची प्लेट वेल्ड केली, खाली कडप्प्याचा तुकडा. किचनच्या ओट्याचं काम चालू असलेल्या कुठल्याही साइटवर कडप्पा उरलेला असतो, चहापाण्यात मिळतो. पाईपमध्ये वाळू भरायची, पण आधी चाळून उन्हात खडखडीत वाळवायची, नाहीतर पाईप आतून गंजतो. हाताने ठोकून बघा, टण् नाही, थप् आवाज आला पाहिजे.

वायरचं पण आत्ताच सांगून टाकतो. तपकीर गल्लीत अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची फ्लेक्सिबल वायर मिळते. तीन मीटरच्या जोडीचा जाऊन-येऊन रेझिस्टन्स ०.०४ ओहमच्या आसपास. सहा-आठ ओहमच्या स्पीकरपुढे तो कुठे मोजता?

स्वरगंगा_७१
सोल्डरगन, आदर राखून असहमत. माझ्याकडे चांदीची केबल आल्यापासून तारषड्जाला जी झळाळी आली ती तुमच्या तपकीर गल्लीत नाही.

सोल्डरगन
काका, झळाळी बिल बघून येते.

पत्र्याचीचाळ
पॉपकॉर्न संपले, मक्याची कणसं भाजायला टाकतो.

संपादक
केबलविषयीचे पुढचे अकरा प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. त्यासाठी वेगळा धागा काढावा. तिथेही व्यक्तिगत शेरे नकोत.

मांडवीकाठ
पणजीहून लिहितेय. माझा सल्ला कोकण-गोवा-मुंबईकरांना जास्त लागू. स्पीकरच्या कोनाभोवतीची कड, म्हणजे सराउंड, कशाची आहे ते बघा. माझे पहिले स्पीकर फोमच्या कडेचे होते. आठव्या पावसाळ्यानंतर बोट लावलं तर बिस्किटासारखा चुरा हातात. रबरी कड दमट हवेत खूप टिकते. तुम्ही लिहिलेल्या तिन्हींना रबरी कड आहे, सो चिंता नको. सेकंडहँड जुना माल घ्यायचा मोह झाला तर मात्र जाळी काढून, बॅटरी मारून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आकडेमोड
कोमलनिषाद, यादी चांगली आहे. गंमत म्हणजे त्यातली पहिली दोन एकाच आजोबांची नातवंडं.

१९७०च्या दशकात बीबीसीला बाहेरच्या प्रक्षेपणाच्या व्हॅनमध्ये मावेल असा छोटा मॉनिटर (आवाज तपासायचा स्पीकर) हवा होता. व्हॅनमध्ये मोठा स्पीकर बसत नाही, हेडफोन घालून दिवसभर काम होत नाही. त्यातून एलएस३/५ए जन्माला आला. जेमतेम पाच लिटरची बंद पेटी, आत केईएफचे दोन ड्रायव्हर (आवाज काढणारे कोन). खालचा बेस त्यात नव्हताच, पण निवेदकाचा आवाज माणसाचा वाटला पाहिजे ही अट होती. बीबीसीने तो बनवायचे परवाने बाहेरच्या कंपन्यांना दिले. बीबीसीच्या संशोधन विभागातले डडली हारवुड यांनी १९७७मध्ये हार्बेथ काढली. पी३ थेट त्याच घराण्यातला, आजही बंद पेटी. केईएफने २०१२मध्ये पन्नाशीनिमित्त एलएस५० आणला तोही त्याच आजोबांची आठवण ठेवून, पण रियाज वेगळा केला: ट्वीटर मोठ्या कोनाच्या मधोमध बसवला आणि मागे पोर्ट (बेस वाढवणारं भोक) दिला. २०२०च्या मेटामध्ये ट्वीटरच्या मागे एक चक्रव्यूहासारखी चकती आली, ती ट्वीटरचा मागे जाणारा आवाज शोषते.

आर३ मेटा सुंदर आहे, थ्री-वे आहे (खालच्या, मधल्या, वरच्या स्वरांना वेगळे ड्रायव्हर), बेस खोल जातो. तुमच्या खोलीसाठी मी तो नको म्हणेन. मी न्यू जर्सीत राहतो, इथे घरं लाकडी सांगाड्याची आणि भिंती जिप्समच्या. त्या भिंती स्वतः हलतात आणि बेस गिळतात. इथले समीक्षक लिहितात की छोट्या स्पीकरला बेस कमी पडतो, ते इथल्या घरांसाठी. पुण्याच्या बऱ्याच नव्या सोसायट्यांत भिंती काँक्रीटच्या. तिथे बेस कुठे जाणार? खोलीतच फिरत बसतो. छोटा स्पीकर तिथे अंगाने भरतो.

ठाण्याचाठेका
पण आकडेमोडसाहेब, कागदावर एलएस५० मेटा खाली ७९ हर्ट्झपर्यंत आणि पी३ ७५पर्यंत. पुरुष गायकाचा सा काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) धरला तर तंबोऱ्याचा खर्ज ६९च्या जवळ येतो. म्हणजे बाबांना हवा तो तंबोराच दोन्हीत कापला गेला की. मी स्वतः तबला वाजवतो, डग्ग्याची घुमक मला पोटात लागते. छोट्या डब्यात ती मिळत नाही, मिळते असं सांगणाऱ्याने डग्गा जवळून ऐकलेला नाही.

आकडेमोड
डग्ग्याबद्दल पूर्ण सहमत. तिथे छोटा स्पीकर हात टेकतो.

तंबोऱ्याची गोष्ट वेगळी आहे. जवारी लावलेल्या (घोडीवर दोरा सरकवून झंकारती केलेल्या) तारेची ताकद मूळ स्वरात फार थोडी असते, तिच्यातून आपोआप उठणाऱ्या वरच्या स्वयंभू स्वरांत जास्त. ६९चा खर्ज छेडला की १३८, २०८, २७७ अशी रांग उठते. खालची पायरी क्षीण असली तरी वरच्या रांगेवरून कान खर्ज ओळखतो. मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरवरही तंबोऱ्याचं अॅप खर्जात लागलंय हे आपल्याला कळतं ते त्यामुळेच. तेव्हा तंबोऱ्यासाठी ४० हर्ट्झ नको, १०० ते तीन-चार हजारांपर्यंतचा पट्टा सपाट आणि स्वच्छ हवा. तिथे दोन्ही स्पीकर पक्के आहेत.

ताकदीचं म्हणाल तर पी३ची सेन्सिटिव्हिटी (एका वॉटला एका मीटरवर किती जोरात वाजतो ते) ८३.५ डेसिबल, म्हणजे आळशी. पण ६० वॉट म्हणजे एका वॉटच्या वर जवळपास १८ डेसिबल. अडीच मीटरवर दोन्ही मिळून नव्वदीच्या वर आरामात जातील. त्याआधी खालच्या मजल्यावरचे वर येतील.

कोमलनिषाद
सगळ्यांना दंडवत. एवढं मला आठ महिन्यांत कोणी सांगितलं नव्हतं.

अपडेट: एका दुकानदाराने एलएस५० मेटा चार दिवसांसाठी घरी दिलेत (डिपॉझिट घेऊन). काल रात्री लावले. मला आवडले, गायक अगदी मधोमध उभा राहतो. पण बाबा खुश नाहीत. काळी एकमधली एक भीमपलासीची रेकॉर्ड त्यांना पाठ आहे. ती ऐकून म्हणाले, "सगळं आहे, पण सा पोकळ आहे. तो सा वर येऊन बसतो तेव्हा खाली पाट नाही." पंचमावर गेला की ठीक, सा वर आला की पोकळ. मला वाटलं रेकॉर्ड झिजली असेल. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, मॅडम, केबल बदला, पस्तीस हजारांची पाठवतो.

स्वरगंगा_७१
मी काही बोलत नाही.

आकडेमोड
थांबा, केबल मागवू नका. टेप घ्या आणि स्पीकरच्या पुढच्या तोंडापासून मागच्या भिंतीपर्यंत मोजा. बाबांची खुर्ची कुठे आहे तेही सांगा.

कोमलनिषाद
६२ सेंटिमीटर. स्पीकरच्या डब्याची पुढून मागची लांबी आणि मागे एक फूट मोकळं सोडलं होतं, मॅन्युअल वाचून. खुर्ची समोरच्या भिंतीला टेकलेली.

आकडेमोड
बाबांना माझा साष्टांग नमस्कार सांगा. त्यांनी कानाने जे मोजलं ते कागदावर असं येतं.

खालचे स्वर स्पीकरमधून फक्त पुढे जात नाहीत, मागेही तेवढेच जातात. मागे गेलेली लाट भिंतीवर आपटून परत येते. ६२ सेंटिमीटर जायला, ६२ यायला, म्हणजे ती सव्वा मीटर उशिरा पोचते. ज्या स्वराची तरंगलांबी याच्या दुप्पट, अडीच मीटर, त्याची परतलेली लाट बरोबर उलटी येते आणि पुढे निघालेल्या लाटेला खाते. आवाजाचा वेग सेकंदाला ३४४ मीटर धरा आणि अंतराच्या चौपटीने भागा: ३४४ भागिले २.४८, उत्तर १३८.७ हर्ट्झ. काळी एकचा सा १३८.६.

ज्या स्वरावर अख्खी मैफल उभी त्याच स्वराला तुम्ही खड्डा खणलाय. पंचम २०८ला, तो खड्ड्याच्या बाहेर.

उपाय फुकट आहे. स्पीकर पुढे ओढा, तोंडापासून भिंत एक मीटरवर येऊ द्या. खड्डा ८६ हर्ट्झला सरकेल, तिथे या गायकाचा ना खर्ज ना सा. खुर्चीही भिंतीपासून अडीच-तीन फूट पुढे घ्या. १६ फुटांच्या खोलीचा दुसरा अनुनाद ७० हर्ट्झच्या आसपास येतो, भिंतीला डोकं टेकवलं की खर्ज तिथे फुगतो. खाली फुगलेला खर्ज, मध्ये खड्डा. पोकळ वाटेल नाही तर काय!

सोल्डरगन
याला म्हणतात उत्तर. काचेच्या दाराला जाड पडदा लावा, फरशीवर सतरंजी टाका. पडदा कुठपर्यंत हवा ते बघायला जुनी युक्ती: बाबा खुर्चीत, तुम्ही काचेवर हातआरसा सरकवत चला. आरशात त्यांना स्पीकर दिसला की तिथून आवाजही परावर्तित होतो. ती जागा झाकली की पुरे, अख्खी खोली गोधडीत गुंडाळू नका, मेल्यासारखी होते.

कोमलनिषाद
रात्री साडेअकराला टेप आणि आरसा घेऊन आम्ही तिघं. नवरा स्पीकर ओढतोय, बाबा खुर्चीतून "अजून, अजून" म्हणतायत, मी काचेवर आरसा फिरवतेय. एक मीटरला थांबलो.

रेकॉर्ड लावली. बाबा काही बोलले नाहीत. अंतऱ्यानंतर सा वर आल्यावर मांडीवर बोटं टेकली, पेटीवर टेकतात तशी. मग म्हणाले, "हां. आता तंबोऱ्याचा जोड (मधल्या दोन तारा) वेगवेगळा दिसतोय. डावीकडचा जरा उतरलाय." १९६०च्या दशकातली रेकॉर्ड आहे हो, आता कोण लावणार तो!

आकडेमोडदादा, पस्तीस हजार वाचवलेत.

ठाण्याचाठेका
वाचनखूण साठवली. मी पण आत्ता जाऊन मोजलं. माझे ४० सेंटिमीटरवर आहेत, म्हणजे खड्डा २१५ला. बायकोचा काळी चारचा सा तिथेच जवळ येतो. ती वर्षभर म्हणतेय की तिच्या क्लासचं रेकॉर्डिंग या स्पीकरवर बारीक वाटतं, आणि मी म्हणत होतो रियाज कर.

मांडवीकाठ
ठाणेकर, हे तिला सांगू नका. नुसते स्पीकर सरकवा.

कोमलनिषाद
आता खरा प्रश्न. हार्बेथसुद्धा शनिवार-रविवारसाठी मिळतायत, दुसऱ्या दुकानातून. दोन्ही घरात असताना निवड कशी करू?

आकडेमोड
नजर बाजूला ठेवून. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांचे प्रयोग प्रसिद्ध आहेत: त्याच माणसांना तेच स्पीकर एकदा दिसताना आणि एकदा पडद्याआड ऐकवले तर गुण बदलतात. ज्यांचा तोच व्यवसाय आहे त्यांचेसुद्धा. देखणा, वजनदार, नाववाला स्पीकर दिसला की कान आधीच होकार देतो.

एक काम नक्की करा, आवाजाची पातळी सारखी करा. अर्धा डेसिबल मोठा वाजणारा स्पीकर मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. दुकानात ही युक्ती सगळ्यांवर चालते. पी३ त्याच व्हॉल्यूमला हळू वाजणार, तेव्हा फोनवर साउंड मीटर घेऊन बाबांच्या कानाजवळ धरा, पिंक नॉइज (पावसासारखी एकसारखी खरखर) वाजवा आणि प्रत्येकासाठी नॉब कुठे येतो तिथे पेन्सिलची खूण करा. फोनचा आकडा खरा नसला तरी चालेल, दोघांत फरक नको.

शास्त्रीबुवांचीसून
एक सुचवते. वयस्कर माणसांचे वरचे स्वर आधी जातात. तेव्हा झिलईदार वरचा पट्टा बाबांना जाणवणार नाही पण तुम्हाला टोचेल. दोघंही ऐकणार असाल तर तुम्ही दोघंही मत द्या, आणि सोफ्यावर दोघं शेजारी बसून द्या. एकानेच मधल्या खुर्चीत बसून ठरवलेले स्पीकर आमच्याकडे आहेत. ती खुर्ची ह्यांची. मी बाजूला बसते, मला गाणं उजव्या भिंतीतून येतं.

कोमलनिषाद
झालं. सविस्तर लिहिते.

दोन्ही जोड्या शेजारी शेजारी, पुढे दोरीवर आईची जुनी मलमलची साडी. आधी तपासलं की साडीमुळे आवाज दबत नाही. पेन्सिलच्या खुणा केल्या. नवरा पडद्यामागे वायरी बदलत होता आणि नाणं उडवून ठरवत होता. तीच तीन मिनिटं, दहा वेळा. बाबांनी सहा वेळा हार्बेथ निवडला, चार वेळा केईएफ. मी पाच-पाच.

आकडेमोड
सहा-चार म्हणजे नाणंच. दोन्ही आवडले असा अर्थ घ्या. आता वॉरंटी कोण नीट देतो, कोणाचं सर्व्हिस पुण्या-मुंबईत होतं ते बघा, आणि बिलाशिवाय स्वस्तात मिळतो त्याच्या नादी लागू नका.

ठाण्याचाठेका
डग्गा?

कोमलनिषाद
केईएफवर घुमक जास्त, पोर्टमुळे असेल. हार्बेथवर कमी पण बोल सुटे. तुम्हाला दोन्हीवर पोटात लागणार नाही.

आणि निकाल असा लागला. साडी काढली, दिवा लावला, दोन्ही समोर. बाबा पाच मिनिटं बघत बसले. म्हणाले, "तो मधे भोक असलेला डोळे वटारून बघतो. गाणं ऐकताना कोणी असं बघितलं तर मी पेटी बंद करतो." केईएफला जाळी वेगळी विकत घेता येते हे मी सांगून पाहिलं. ते म्हणाले, मग आत तो बघतोच आहे ना. हार्बेथला जाळी असतेच, आणि जाळी लावूनच ऐका असं बनवणारेही सांगतात. शिवाय लाकूड त्यांच्या पेटीच्या रंगाचं.

हार्बेथ घेतले. मला पटवून घ्यावं लागलं नाही, एवढंच म्हणते.

आकडेमोड
पी३ची पेटी कमी खोल आहे. मागची जागा पुन्हा मोजा, तोंडापासून एक मीटर, पाठीपासून नाही.

कोमलनिषाद
मोजली. फरशीवर मार्करने खुणा केल्यात, मोलकरीण रोज पुसते, मी रोज काढते.

सोल्डरगनकाका, एक अडचण. तुमच्या पद्धतीने २४ इंची स्टँड करून घेतले, वाळू भरली, वरची प्लेट वेल्ड केली, कडप्पा चिकटवला. दोन माणसांना उचलत नाहीत. आणि आता बाबा म्हणतायत की खुर्चीत बसून गाणं ऐकल्यासारखं वाटत नाही, गादी घाला, बैठक हवी. गादीवर त्यांचा कान जमिनीपासून एकतीस इंचांवर येतो. ट्वीटर पस्तिसावर. पाईप चार इंच कापता येईल का?

सोल्डरगन
येईल. कटर लावायच्या आधी वरच्या प्लेटला भोक पाडून वाळू काढून घ्या, नाहीतर घरभर होईल. आणि आधी बाबांना आठवडाभर गादीवर बसू द्या. गुडघे दुखले तर परत खुर्ची मागतील.